कंदील, क्लोरोफॉर्म आणि एक सही

गेल्या पावसाळ्यात बाबांचं अपेंडिक्स काढावं लागलं. दिवसभर पोटात मुरडा, मग ‘गॅस झालाय’ म्हणून ओवा, मग सोडा, मग आईची बोलणी, आणि शेवटी रात्री साडेनऊला छत्रपती संभाजीनगरातल्या (तोंडात अजून सवयीनं औरंगाबादच येतं) एका हॉस्पिटलात सोनोग्राफी. डॉक्टर म्हणाले, फुटायच्या बेतात आहे, सकाळची वाट बघायला नको. मग एक सिस्टर आली आणि माझ्यापुढे चार पानांचा कागद धरला. संमतीपत्र. भुलीचे धोके, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, गरज पडल्यास पोट मोठं उघडावं लागेल, आणि एका ओळीत, अगदी सहज टाकल्यासारखा, ‘मृत्यू’. बाबांनी सही केली, आणि खाली नातेवाईक म्हणून मी.

एरवी आपण रोज कुठल्या ना कुठल्या अटी न वाचता ‘मान्य’ म्हणून पुढे जातो. सॉफ्टवेअरवाल्यांनी तर हे पाप जगभर पसरवलंय. पण त्या रात्री माझा हात चक्क थरथरला, आणि सही बँकेतल्या सहीशी जुळणार नाही अशी आली. मग स्ट्रेचर दारातून आत गेलं, दार मिटलं, वरचा लाल दिवा लागला. बाबा जाता जाता म्हणाले, “कशाला घाबरायलास रे?” आता ह्यावर काय बोलणार!

साडेअकराच्या सुमारास लाईट गेली. कॉरिडॉरमध्ये पाच-सात सेकंद ठार अंधार, मग जनरेटरची घरघर, मग ट्यूबलाईटी एकेक करून लागल्या. तेवढ्या पाच-सात सेकंदांत मला जे आठवलं त्यावर हा लेख आहे. मला आठवले महात्मा गांधी.

तर झालं होतं असं.

मार्च १९२२ मध्ये गांधीजींना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पुण्याच्या येरवडा तुरुंगात ठेवलं गेलं. जानेवारी १९२४ मध्ये त्यांचं पोट दुखायला लागलं. तेव्हा त्यांचं वय ५४. निदान झालं अपेंडिसायटिस. शनिवारी, १२ जानेवारीला त्यांना तुरुंगातून ससून हॉस्पिटलात हलवलं. ससून म्हणजे डेव्हिड ससून ह्या बगदादी ज्यू व्यापाऱ्याच्या देणगीतून उभं राहिलेलं, १८६७ पासून चालू असलेलं हॉस्पिटल. तिथले सर्जन होते कर्नल मॅडॉक. इंग्रज, आणि अर्थातच सरकारी नोकर.

आता ह्या मॅडॉकसाहेबांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. टेबलावर ब्रिटिश साम्राज्याचा सगळ्यात प्रसिद्ध कैदी. पोटात पू. रोगी दगावला तर ‘आजाराने गेले’ असं हिंदुस्थानात एक माणूस तरी म्हणाला असता का? साहेबानं मारलं, असंच सगळ्यांनी म्हटलं असतं. दुसरीकडे, ऑपरेशन नाही केलं आणि अपेंडिक्स फुटलं, तरी तेच. मुंबईहून डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता (हे पुढे १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले) ह्या गांधीजींच्या विश्वासातल्या डॉक्टरांना बोलावण्याची खटपट झाली. पण त्यांच्यासाठी थांबण्याइतका वेळ अपेंडिक्स देत नव्हतं.

मग साक्षीदार म्हणून बोलावलं श्रीनिवास शास्त्रींना. हे गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे त्यांच्यानंतरचे अध्यक्ष, मवाळ, आणि असहकाराच्या चळवळीचे उघड विरोधक. म्हणजे कैदी गांधी, सर्जन सरकारचा आणि साक्षीदार राजकीय विरोधक! मला ही गोष्ट फार आवडते. पुण्यातले डॉ. फाटकही होते. शास्त्रींनी त्या रात्रीची हकिगत लिहून ठेवली आहे म्हणून आपल्याला हे सगळं इतकं बारीक कळतं.

एक निवेदन तयार करायचं ठरलं, म्हणजे आजच्या भाषेत संमतीपत्र. शास्त्रींनी ते पेन्सिलीनं लिहून घेतलं. मजकूर साधारण असा: सरकारी डॉक्टरांनी माझी नीट काळजी घेतली आहे, कर्नल मॅडॉक यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, माझ्या ओळखीच्या डॉक्टरांना बोलावण्याची मुभा मला मिळाली होती पण ते वेळेत पोहोचत नाहीत, तेव्हा ऑपरेशन ह्यांनीच करावं. शास्त्रींनी ते वाचून दाखवलं. गांधीजींनी मॅडॉकना जवळ बोलावून पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग गुडघे उभे करून त्यावर कागद ठेवला आणि पेन्सिलीनं सही केली. हात इतका थरथरत होता की इंग्रजी सहीतल्या शेवटच्या ‘आय’वर टिंबच पडलं नाही, हे शास्त्रींनी टिपून ठेवलंय. स्वतः गांधीजींनीच मॅडॉकना तो कापणारा हात दाखवला आणि हा तुम्हालाच ठीक करावा लागणार, असं म्हणाले. सरकारशी भांडण आहे ते आहेच, हेही त्यांनी शास्त्रींना सांगितलं. पण ह्या खोलीतल्या माणसांविषयी तक्रार नाही.

आपल्या संमतीपत्राचा हेतू सहसा उलटा असतो, नाही का? ते हॉस्पिटलला वाचवण्यासाठी असतं. तसं ह्याही कागदानं मॅडॉकना वाचवलंच असतं. फरक एवढाच की इथे तो मजकूर रोग्याला स्वतःला म्हणायचा होता.

रात्री दहाच्या सुमारास ऑपरेशन सुरू झालं.

आत नेमकं काय होतं हे मला माझ्या एका शाळासोबत्यानं सांगितलं. तो घाटीतून शिकलेला सर्जन आहे (बाहेरच्यांसाठी: घाटी म्हणजे आमच्या गावचं सरकारी मेडिकल कॉलेज, १९५६ चं). निराला बाजारात चहा पिताना त्यानं बिलाच्या मागे पोट काढून दाखवलं. बेंबीपासून उजव्या कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापर्यंत एक रेघ ओढायची, आणि हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर बोट ठेवायचं. हा मॅकबर्नीचा बिंदू. न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नीनं तो १८८९ मध्ये दाखवला, आणि १८९४ मध्ये तिथून आत जायची रीतही. कातडी कापायची, चरबी बाजूला करायची, पण त्याखालचे स्नायू कापायचे नाहीत. पोटाच्या ह्या बाजूला स्नायूंचे तीन थर असतात आणि तिन्हींचे धागे वेगवेगळ्या दिशांना जातात. प्रत्येक थर त्याच्या धाग्यांच्या दिशेनं नुसता फाकवायचा, म्हणजे हात काढल्यावर तो आपोआप मिटतो. शेवटी पोटाचा पातळ आतला पडदा. तो उघडला की मोठ्या आतड्याची सुरुवात शोधायची. त्या आतड्यावर लांबीनं तीन पट्टे असतात आणि ते तिन्ही जिथे एकत्र येतात तिथे अपेंडिक्सचं मूळ. “पट्टा धरून चालत गेलास की चुकूच शकत नाहीस,” मित्र म्हणाला. मग त्याची रक्तवाहिनी बांधायची, मूळ बांधायचं, कापायचं, पू असेल तर पुसून काढायचा, आणि आलो त्या वाटेनं थर मिटवत बाहेर.

“बास? एवढंच?” मी विचारलं.

“कापणं एवढंच. बाकीचं म्हणजे ऑपरेशन.”

बाकीचं म्हणजे काय, हे कळायला १९२४ ची रात्र फार उपयोगी पडते, कारण तेव्हा त्यातलं बरंचसं नव्हतंच. उदाहरणार्थ, पोट. दुखणारं पोट लाकडासारखं घट्ट असतं. ते सैल पडल्याशिवाय सर्जनला आत हात घालता येत नाही. आज त्यासाठी स्नायू सैल करणारं वेगळं इंजेक्शन असतं. त्याची सुरुवात झाली २३ जानेवारी १९४२ ला, माँट्रियलमध्ये, हॅरॉल्ड ग्रिफिथनं दक्षिण अमेरिकेतल्या बाणांच्या विषापासून काढलेलं क्युरारे एका रोग्याला दिलं तेव्हा. (ते ऑपरेशनसुद्धा अपेंडिक्सचंच होतं!) त्याआधी पोट सैल करायचं तर भूलच जास्त खोल द्यावी लागे. आणि भूल जितकी खोल तितका रोगी मरणाच्या जवळ.

भुलीची मोठी औषधं दोन, ईथर आणि क्लोरोफॉर्म. इथे थोडं विषयांतर, पण आमच्या गावाशी संबंध आहे म्हणून करतो. क्लोरोफॉर्म १८४७ मध्ये एडिनबरोच्या सिम्पसननं वापरात आणला आणि पुढच्याच जानेवारीत हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी, पायाच्या बोटाचं नख काढताना, टेबलावर मेली. तेव्हापासून वाद: क्लोरोफॉर्म आधी श्वास थांबवतो की हृदय? म्हणजेच भूल देणाऱ्यानं लक्ष छातीवर ठेवायचं की नाडीवर? ह्या वादाचा निकाल लावण्यासाठी हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांनी १८८८ आणि १८८९ मध्ये दोन ‘क्लोरोफॉर्म कमिशनं’ बसवली, आणि पैसे दिले निजामानं. दुसऱ्या वेळी तर ‘लॅन्सेट’ ह्या लंडनच्या साप्ताहिकानं आपला माणूस पाठवावा म्हणून निजामानं हजार पौंड देऊ केले आणि लॉडर ब्रंटन हे नामांकित डॉक्टर खरोखर आले. चारेकशे जनावरांवर प्रयोग झाले. हैदराबादच्या त्या मेडिकल स्कूलमधूनच रूपाबाई फर्दूनजी ह्या जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक तयार झाल्या. औरंगाबाद १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. तेव्हा त्या हजार पौंडांत आमच्याकडच्या कुणबी-माळ्यांनी भरलेला शेतसाराही गेला असणार, असं म्हणायला हरकत नाही.

निकाल काय लागला? श्वासाकडे बघा, नाडीकडे बघण्यात अर्थ नाही. आणि हा निकाल अर्धवट निघाला. १९११ मध्ये लेव्ही ह्या इंग्रज डॉक्टरनं दाखवून दिलं की क्लोरोफॉर्मखाली हृदयही अचानक फडफडून बंद पडू शकतं, तेही भूल हलकी असताना. म्हणजे एवढा पैसा, एवढी कुत्री-माकडं, आणि उत्तर चुकीचं. पण ‘श्वासाकडे बघा’ हा अर्धा भाग खरा होता आणि त्यानं भूल देणाऱ्याला काम नेमून दिलं: कापाकापीकडे न बघता फक्त रोग्याकडे बघत बसायचं. आमच्या धंद्यात अशा माणसाला ‘हा काय करतो?’ असं विचारतात, सर्व्हर पडेपर्यंत.

आता पुन्हा ससूनला. गांधीजींचे चरित्रकार लुई फिशर यांनी लिहिलंय की ऑपरेशन चालू असताना वादळ झालं आणि वीज गेली. एका नर्सच्या हातात टॉर्च होती, तिच्या उजेडात काम पुढे चालू राहिलं. मग ती टॉर्चही विझली. शेवटी ऑपरेशन पुरं झालं ते वादळी कंदिलाच्या उजेडात.

हे वाक्य मी शाळेत असल्यापासून कुठे ना कुठे वाचत आलोय, पण त्याचा अर्थ त्या कॉरिडॉरमधल्या अंधारात कळला. पोट उघडं आहे. आत पू आहे. रक्तवाहिनी बांधून झाली आहे की नाही, कुणास ठाऊक. मॉनिटर नाही. आज बोटाला लावतात ती चिमटी, रक्तातला ऑक्सिजन दाखवणारी, जपानच्या ताकुओ आओयागींनी १९७० च्या दशकात शोधली. तिची टूंऽटूं ऑक्सिजन कमी झाला की खालच्या सुरात जाते, म्हणजे मान वर न करता सर्जनला कळतं. तेव्हा अंधारात रोग्याचा श्वास ऐकायचा, दुसरं काही नाही. आणि कंदील म्हणजे उघडी ज्योत. ईथरची वाफ पेट घेते, त्याच्याजवळ कंदील नेणं म्हणजे आत्महत्या. क्लोरोफॉर्म तसा पेटत नाही. आपल्याकडच्या गरम हवेत आणि दिव्याबत्तीच्या जमान्यात सर्जन क्लोरोफॉर्मला का चिकटून राहिले, ह्याचं हे एक साधं कारण.

बाबांच्या वेळी लाईट गेली तेव्हा आत काय झालं, हे मी दुसऱ्या दिवशी सर्जनना विचारलं. ते म्हणाले, “गेली होती का?” दिवा, पडदा, भुलीचं मशीन, सगळं बॅटरीवर. आत कुणाला पत्ताच नाही. बाहेर मी मात्र सात सेकंदांत सात वर्षांनी म्हातारा झालो :-)

ऑपरेशन पार पडलं, पण गांधीजी लगेच बरे झाले नाहीत. जखमेत पू होत राहिला, भरून यायला वेळ लागला. पेनिसिलिन रोग्यांपर्यंत पोहोचायला अजून दोन दशकं होती, त्यामुळे आतली घाण शरीरानं आपली आपण निस्तरायची. ५ फेब्रुवारी १९२४ ला सरकारनं प्रकृतीच्या कारणावरून बिनशर्त सुटका केली. ती बातमी घेऊन आले स्वतः मॅडॉकच. त्यावर गांधीजींनी हसत सांगितलं की अजून काही दिवस तुमचा रोगी म्हणून आणि पाहुणा म्हणूनही राहू द्या. नंतर मार्चमध्ये ते विश्रांतीला जुहूला गेले.

गंमत (की शोकांतिका?) अशी की ह्याच माणसानं १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज’मध्ये डॉक्टर आणि हॉस्पिटलं यांच्यावर सडकून टीका केली होती. हॉस्पिटलांमुळे पापच वाढतं इथपर्यंत. साहजिकच लोकांनी विचारलं, मग तुम्ही कसे टेबलावर गेलात? गांधीजींनी सारवासारव केली नाही. ते माझं दुबळेपण होतं, ह्या देहात जगायची इच्छा माझ्यावर वरचढ ठरली, असं त्यांनी मान्य केलं. मला त्यांचं ‘हिंद स्वराज’मधलं म्हणणं पटत नाही. पण जगायची इच्छा होती, हे इतक्या सरळ सांगणारा पुढारी मला दुसरा माहीत नाही.

त्याच्या बावीस वर्षं आधी दुसऱ्या टोकाला हेच घडलं होतं. १९०२ मध्ये इंग्लंडच्या सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जूनला ठरला होता आणि दोन दिवस आधी राजेसाहेबांच्या अपेंडिक्सनं संप पुकारला. ते समारंभाला जाणार म्हणून हटून बसले होते. सर्जन फ्रेडरिक ट्रीव्हज यांनी ऐकलं नाही. २४ जूनला राजवाड्यातच पोट उघडून पू काढला. अपेंडिक्स तसंच ठेवलं. राज्याभिषेक ऑगस्टमध्ये झाला. ट्रीव्हज हे त्या काळी अपेंडिक्समधले सगळ्यात मोठे जाणकार, आणि दोनच वर्षांपूर्वी त्यांची स्वतःची मुलगी अपेंडिक्स फुटून गेली होती. राजाशी वाद घालताना त्यांच्या मनात कोण असेल, ते सांगायला नको.

बाबांना मात्र मॅकबर्नीची चीर नाहीच पडली. तीन भोकं, बस. पोटात कार्बन डायऑक्साईड भरून ते तंबूसारखं फुगवतात, एका भोकातून कॅमेरा, दोनांतून हत्यारं. (कार्बन डायऑक्साईडच का? तो पेटत नाही आणि रक्तात चटकन विरतो. पुन्हा ज्योत आणि वायू!) असं अपेंडिक्स पहिल्यांदा काढलं १९८० मध्ये जर्मनीत कील इथे कुर्ट झेम यांनी. ते स्त्रीरोगतज्ज्ञ, त्यामुळे सर्जन मंडळी खवळली, त्यांना निलंबित करा म्हणाली. आपल्याकडे दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी केलं. पंचतारांकित ठिकाणी नव्हे, सरकारी हॉस्पिटलात, हे मुद्दाम सांगतो. मोठी चीर म्हणजे मोठी रजा, आणि रोजंदारीवरच्या माणसाला ती परवडत नाही, हे तिथल्याइतकं कुठे दिसणार.

आणि अजून एक. चिरायच्या आधी आत सगळे एक मिनिट थांबतात. रोग्याचं नाव, कुठलं ऑपरेशन, कुठली बाजू, ॲलर्जी, हे मोठ्यानं म्हणतात. टाके घालायच्या आधी कापसाचे बोळे, गॉज, सुया मोजतात, आणि हिशेब जुळल्याशिवाय पोट बंद होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ही १९ मुद्द्यांची यादी ज्यांच्या पुढाकारानं झाली ते अतुल गावंडे. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे आपल्या विदर्भातल्या उटी गावचे. २००९ मध्ये आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांचा (एक दिल्लीतलं) निकाल छापून आला: ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. कागद आणि मोठ्यानं वाचणं. आपण मात्र शुक्रवारी संध्याकाळी यादी न बघता कोड लाइव्ह करतो आणि वीकांताला फोन बंद ठेवतो. असो.

ससूनमधली ती खोली गांधीजींची आठवण म्हणून जपून ठेवलेली आहे, टेबलासकट.

पावणेएकला लाल दिवा विझला. सर्जन बाहेर आले, हातात स्टीलची वाटी, त्यात करंगळीएवढं सुजलेलं काहीतरी काळपट. नातेवाइकांना दाखवायची आपल्याकडे पद्धतच आहे. मग ते बाटलीत घालून तपासणीला जातं. मी बघितल्यासारखं केलं. आईनं मात्र नीट निरखून बघितलं आणि विचारलं, “ह्याच्यात ओवा काय करणार होता?”

सकाळी बाबांनी शुद्धीवर आल्यावर पहिली गोष्ट विचारली ती, रात्री त्या कागदावर काय काय लिहिलं होतं. मी म्हटलं, काही नाही, नेहमीचंच. ते म्हणाले, “मी वाचलं होतं सगळं. तुझा हात बघत होतो.”